तेलकट बॅटींची भानगड

"शीऽऽ! हे काय लागलंय माझ्या हाताला?" सुरुची किंचाळली. बॉल मागे निघून गेला होता, आणि बॅट तिच्या हातून सुटून थेट कुंपणापाशी जाऊन पडली होती!

"आता पुरे!" लांब उभ्या असलेल्या कोच माधवकाकांनी मास्कवरूनच तोंडावर हात मारला. "धवलची बॅट सुटते, तनयची सुटते, तुझीही सुटते. चारुताची जागा घेणारं आपल्याकडे कुणीच नाही! शनिवारच्या मॅचला चौथ्या नंबरवर मी ब्लॅकटाउनच्या टीममधून कुणाला तरी बोलावतो."

सुरुचीचा चेहरा एवढासा झाला. बेसबॉलमध्ये चौथा नंबर म्हणजे सगळ्यात जोरदार फटके मारणाऱ्याचा! त्यासाठी ती सगळी सुट्टी घाम गाळत होती. आजवर त्या नंबरवर खेळणारी चारुता ख्रिसमसला शेजारच्या राज्यात, टूवूंबाला गेली होती, तिथल्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या आईकडे. मग कोविडमुळे दोन राज्यांमधली बॉर्डर बंद झाली. ती इकडे स्कोफिल्ड्सला आली असती, तर तिला परत आईकडे जाता आलं नसतं. म्हणून ती तिकडेच राहिली.

सुरुचीने दोन बोटांनी बॅट उचलली. मूठ तेलाने थबथबलेली. सडक्या माशांसारखा भपकारा. त्यात सगळ्यांच्या हातांचं सॅनिटायझर मिसळून शेंबडासारखा थर झालेला, आणि त्यात माश्या अडकलेल्या! एकीची तंगडी अजून हलत होती!

"यक! आय'म गोइंग टु वॉमिट," धवल मागे सरकला.

"अरे, पण चारुताची बॅट कधी सुटली होती का?" सुरुचीने त्याला विचारलं.

"नेव्हर!"

"कारण ती स्वतःची बॅट आणायची आणि घरी घेऊन जायची! आपल्या राहतात शेडमध्ये. आपण नाही रे वाईट, या बॅटीच घाण आहेत! चल, आज आर्व्होला शेडपाशी जाऊन बघू."

त्या दुपारी दोघं शेडच्या खिडकीखाली दबा धरून बसली. आत तापलेल्या पत्र्याखाली दीनानाथकाका घामाने निथळत होते. पुण्यात क्लब क्रिकेट खेळलेले हे काका या सीझनपासून टीमचं किट सांभाळत होते. हातात बोळा, शेजारी जवसाच्या तेलाची बाटली! बॅटीला वरपासून खालपर्यंत चोळत ते लाडाने म्हणत होते, "पी गं बाई, पी!"

"क्रिकेटच्या बॅटला पाजतात, तसं तेल पाजताहेत!" सुरुचीने नाक दाबलं. "आणि चक्क मुठीलासुद्धा! शी शी शी!"

"कोचना सांगूया?"

"आपण कारणं सांगतोय म्हणतील. त्यांनाच दाखवूया!"

दुसऱ्या दिवशी सरावाला सुरुची अगदी साळसूदपणे म्हणाली, "दीनानाथकाका, आम्हाला काही जमत नाहीये. तुम्हीच एक फटका मारून दाखवा ना!"

"अरे, त्यात काय!" काकांची छाती फुगली. त्यांनी बाह्या सरसावल्या, बॅट गरकन फिरवली आणि... सटाक! बॅट भिरभिरत गेली आणि माधवकाकांच्या चहाच्या थर्मासवर आदळली!

कोविड सुरू झाल्यापासून माधवकाका मुलांच्या बॅटींना हात लावत नसत. आज त्यांनी ती उचलली, मास्क खाली केला आणि लगेच परत वर ओढला.

"ई! काय घाण आहे ही, दीनानाथ?"

"जवसाचं तेल," काका चाचरले. "बॅटला लावायचंच असतं. ही गोल, हिला पुढची-मागची बाजूच नाही, म्हणून म्हटलं सगळीकडे लावावं."

"आणि मी पोरांना नावं ठेवत बसलो!" माधवकाकांना शरमल्यासारखं झालं.

मग भांड्यांच्या साबणाने बॅटी घासल्या गेल्या. काळपट फेस, त्यात माश्यांचे पंख! तनय खरंच ओकला. पण त्यानंतर सुरुचीने बॅट फिरवली आणि ती हातात घट्ट राहिली. खाड्! बॉल कुंपणापलीकडे!

"शाब्बास!" माधवकाका ओरडले. "डोकंही चालतं आणि हातही! बाहेरून कुणी नको. शनिवारी चौथा नंबर तुझाच!"

"गुणाची पोर!" म्हणत दीनानाथकाका तिची पाठ थोपटायला कौतुकाने पुढे आले. तेल अजून त्यांच्या कोपरापर्यंत चमकत होतं.

"थँक यू, काका," सुरुची टुणकन मागे उडाली, "पण लांबूनच!"