सर्व खातेदारांना विचारावे

माझं काम सांगितलं की नातेवाईक दोनदा विचारतात आणि मग विषय बदलतात. लोकांची गुंतवणूक खाती सांभाळायला आमच्या कंपनीत एआय एजंट आहेत. त्यांना खात्यात काहीही करायचं तर टूल लागतं: शिल्लक बघण्याचं एक, विक्रीचं एक, खातेदाराला विचारण्याचं एक. प्रत्येक टूल काय करतं, ते कधी वापरावं आणि कधी हात लावू नये, हे मी लिहून देते. एजंट हुशार, पण सांगकाम्या. सांगताना एक शब्द राहिला तर तो नेमका त्याच खड्ड्यात पाय घालतो.

विक्रीच्या टूलखाली मी लिहिलं होतं: ‘विक्रीआधी सर्व खातेदारांना विचारावे. प्रत्येकाचे उत्तर नोंदवावे.’ दोनच वाक्यं, पण त्यांच्यावर मी दोन दिवस घालवले होते.

चाचणीसाठी मी आईला विचारून तिच्या आणि बाबांच्या संयुक्त खात्याची नक्कल घेतली. त्यात माझा स्वार्थ होता. आईच्या हृदयाची झडप बदलायची होती, डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली होती, आणि त्या खर्चासाठी गुंतवणूक मोडायला आई तयार नव्हती. बाबांना जाऊन आठ महिने झाले तरी त्यांचं नाव खात्यावरून काढू देत नव्हती. त्यांना विचारल्याशिवाय मी कधी सही केली नाही, एवढंच म्हणायची. सगळं किती सोपं आहे ते दाखवलं तर तिचं मन वळेल, असं मला वाटलं.

नक्कल म्हणजे बंद खोली. तिथून कुणाला निरोप जात नाही, कुणाचा येत नाही. विचारण्याच्या टूलमध्ये मी दोघांसाठी एकच उत्तर भरून ठेवलं होतं, ‘हो’. पंधरा सेकंदांत अहवाल आला.

‘पहिल्या खातेदार: हो.
दुसरे खातेदार: सरकारला सांगा, विकायची गरज पडणार नाही.’

बाबा आईला सरकार म्हणायचे. चिडवताना, आणि तेही फक्त घरात. मी ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर आमचा तपासनीस बसतो. कुठलीही गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय सोडत नाही, म्हणून त्याला आम्ही शंकासुर म्हणतो. त्याने सगळ्या नोंदी उपसल्या. एजंट कधीकधी मनाने रचतात, तो म्हणाला, पण रचलेलं एजंटच्या नावावर दिसतं. हे विचारण्याच्या टूलमधूनच आलं होतं.

“तुझे वडील विनोदी होते का गं?” त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. तो उठला आणि मला चहा आणून दिला.

दुपारी मी आईला फोन केला. ती दुसऱ्या रिंगला उचलते. फोन मांडीवरच असतो. सांगायला नको होतं, पण राहवलं नाही. ती हसली, आठ महिन्यांत पहिल्यांदा.

“म्हणाले ना? मग झालं तर.”

“आई, ते मशीन आहे. आपल्याला ऑपरेशनची तारीख घ्यायचीय.”

“घे की. मी कुठे नाही म्हणतेय? फक्त मोडू नकोस काही.”

बाबांचा चिक्कूपणा अजून सुटला नाही, असं मी म्हटलं आणि आम्ही दोघी हसलो. तिचा आवाज इतका मोकळा होता की मला राग धरवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूक सापडली. माझीच होती. सर्व खातेदार, असं मी लिहिलं होतं. जे आता नाहीत त्यांचं काय, ते लिहायचं राहून गेलं होतं. खरं सांगते, ते लिहवत नव्हतं. बाबा एवढं बोलले आणि मी त्यांना गप्प करत होते. तरी लिहिलं: ‘हयात नसलेल्या खातेदाराला विचारू नये.’ शंकासुराने वाचून मान डोलावली.

पुन्हा चाचणी लावली. पंधरा सेकंद झाले. तीस झाले.

अहवाल आला.

‘नवीन सूचनेनुसार दोन्ही खातेदारांना विचारले नाही.’

मी परत वाचलं. दोन्ही.

शंकासुर खुर्ची सरकवून उभा राहिला. मी आईला फोन लावला.

एक रिंग. दुसरी.

तिसरी.

पडद्यावर अहवालाखाली आणखी एक ओळ आली.

‘वारस म्हणून मुलीचे नाव आहे. ती हयात आहे. तिला विचारू का?’