हँडल काही निघत नाही

रविवारी सकाळी जुन्या बाजारात एकाच पान्यावर दोन हात पडले. एक आम्रपालीचा. दुसरा कोणाचा, ते तिनं आधी बघितलंच नाही.

"मी आधी उचललाय," ती म्हणाली.

"घ्या ना बाप्पा, तुम्हीच घ्या!" तो हसला. "पण खोलायचं काय आहे?"

"सायकलचं हँडल. चौकशी संपली असेल तर हात काढाल का?"

त्यानं हात काढला, हसू मात्र तसंच ठेवलं. आम्रपालीचा राग तिथल्या तिथे निम्मा झाला, आणि त्याचाच तिला राग आला.

तो चेतन. मूळचा भंडाऱ्याचा, चाकणला कंपनीत नोकरी, नारायण पेठेत खोली. हँडल अडकलंय म्हटल्यावर, "पाच मिनिटांत बघून देतो ना," म्हणत गडी थेट मंगळवार पेठेत तिच्या दारात हजर!

सायकल तिच्या वडिलांची, भीमरावांची. भीमराव चांगले सहा फुटी, त्यामुळे हँडल त्यांच्या मापानं वर चढवलेलं. आम्रपाली बसली की खांदे कानाला लागायचे. हँडल खाली करून सायकलवरच ऑफिसला जायचं, हा तिचा हट्ट. पण गंजानं हँडलचा दांडा आत असा धरून ठेवला होता की बोल्ट सैल केला तरी तो जागचा हलेना.

"जय भीम, काका," चेतन म्हणाला.

"जय भीम. बसा," भीमराव पेपराआडून म्हणाले. "सायकलपाशीच बसा."

चेतननं दांड्याच्या फटीत तेल सोडलं. "हे आता मुरू द्यावं लागतं. पुढच्या रविवारी बघू."

त्या संध्याकाळी आम्रपालीनं मोबाईलवर व्हिडिओ बघितला. सैल केलेल्या बोल्टवर लाकडाचा तुकडा ठेवायचा, हातोडीचे दोन ठोके घालायचे, की आतली पाचर सुटते आणि हँडल हातात! एवढंसं काम. तिनं मोबाईल उलटा ठेवला आणि कोणाला चकार शब्द सांगितला नाही. हँडल निघालं, तर तो कशाला येईल पुन्हा? आवडला होता तिला तो. झालं, आवडला होता!

मग रविवारमागून रविवार तेल मुरत राहिलं. ती पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरायची, तो हँडल ओढायचा. कोवळ्या उन्हात त्याच्या कपाळावर घाम यायचा, आणि तिची नजर हँडल सोडून भलतीकडेच...

"जोर लावताय ना?" ती विचारायची.

"लावतो ना! तुम्ही बघत राहता, मग जोरच निघून जातो."

"मग डोळे मिटू का?"

"नको नको," तो घाईनं म्हणायचा. "राहू द्या. तेलच कमी पडलं असंल."

"सायकल दुरुस्त करताय की लोणचं घालताय?" आतून भीमरावांचा आवाज यायचा.

अखेर भीमरावांचाच धीर सुटला. शनिवारी आम्रपाली ऑफिसातून आली, तर हँडल ओट्यावर आडवं! दांडा पॉलिश पेपरनं घासून लख्ख केलेला, वर ग्रीसचा हात.

"दोन ठोक्यांत निघालं," ते म्हणाले. "आता त्या पोराला फोन करून सांग, उद्या हेलपाटा नको म्हणावं."

आम्रपालीनं फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. मग पाना उचलला, हँडल पुन्हा सायकलीत घातलं आणि बोल्ट दात-ओठ खाऊन आवळला.

रविवारी चेतन आला, बाह्या सारून सायकलपाशी बसला. हँडलकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"मागच्या रविवारी हे एवढं वर होतं ना?" त्यानं हात उंच धरला.

आम्रपालीला दरदरून घाम फुटला. अगं बाई! काल आवळताना तिनं हँडल नकळत आपल्याच मापाचं लावलं होतं.

"पप्पांनी काढलं," ती पुटपुटली. "मी... परत बसवलं."

"काहून?"

"तुम्हाला कळत नाही का काहून?" ती उसळली, आणि लगेच तिचा आवाज बसला. "निघालं म्हटलं असतं, तर तुम्ही आला असता का?"

चेतन कानापर्यंत लाल झाला. ग्रीस लागलेलं बोट पँटला पुसत राहिला.

"ठोकायचं असते ते. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "हातोडी माझ्या पिशवीतच होती. पण... तुमच्याइथून उठावंसं वाटेना."

"मी चहा टाकतोय," भीमराव आतून म्हणाले. "तेल घालून देऊ का?"

दोघं इतकी हसली की सायकलच आडवी झाली. ती उचलायला दोघं एकदमच वाकली, आणि या वेळी कोणीच हात काढला नाही.

"आता तर सायकल ठीक झाली," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी काय बिघडलं म्हणून येऊ?"

"काहीच नाही," आम्रपाली म्हणाली. "तरी ये."