अराबाचं दुसरं पान

त्या बुधवारी टेकडीवरच्या चॅपलमध्ये गायकवृंदाने पहिलं पान अराबाचं गायलं आणि दुसरं भलत्याच कुणाचं, आणि तीस माणसांत एकालाही त्याचा पत्ता लागला नाही.

दोष तसा कुणाचाच नव्हता. आमच्या केप कोस्ट गावच्या बाजारातलं झेरॉक्सचं दुकान म्हणजे नुसती झुंबड. तिथे दोन गाण्यांची पानं एकमेकांत मिसळली, आणि सगळी गाणी सारेगमसारख्या डो-रे-मीच्या अक्षरांत लिहिलेली. पट्टी कुठलीही असो, कागदावर अक्षरं तीच. शब्दही दोन्हीकडे देवाच्या स्तुतीचे. पान उलटलं आणि मंडळी बिनधास्त पुढे गात गेली. फक्त समोर उभं राहून गाणं बसवणारी अराबा चमकली. ही चाल तिची नव्हती. थांबवायला हात उचलावा, तर तो उचलेना… वर चढेल असं वाटणारा सूर हळूच खाली उतरला, आणि ती ऐकतच राहिली.

"छान गातात हो," दारातून आवाज आला. "फक्त ते माझं आहे."

उंच, किडकिडीत, काखेत कागदांचं भेंडोळं, खिशाला शाईचा डाग. हा क्वामेना. खालच्या शाळेत शिकवायचा आणि बंदराजवळच्या चॅपलचा गायकवृंद सांभाळायचा.

"तुमचं?" अराबा म्हणाली. "मग माझं दुसरं पान कुठंय?"

"काल माझ्या लोकांनी गायलं. माझ्या गाण्यापेक्षा त्यांना तेच आवडलं. म्हणून तर भांडायला आलोय."

त्याच्या चेहऱ्यावर राग औषधालाही नव्हता.

कागदांची अदलाबदल पाच मिनिटांत झाली. पण बोलणं संपलं नाही, आणि पुढचे तीन महिने दर बुधवारी तालमीनंतर दोघं चॅपलच्या पायरीवर केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उंडे, आणि तळलेली मासळी खात भांडत बसली. समुद्राचा खारा वारा कागद उडवायचा. ती ते गुडघ्याखाली दाबून धरायची.

भांडण एकच. अराबा म्हाताऱ्या बायकांची जुनी गाणी गोळा करून चार आवाजांत बसवायची. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात लिहायची, 'मांडणी: अराबा'. उजव्या कोपऱ्यात, जिथे रचणाऱ्याचं नाव येतं, तिथे नेहमी एकच शब्द… 'पारंपरिक'. क्वामेना मात्र दुसऱ्याच्या चालीला बोट लावायचा नाही.

"दुसऱ्याचं लेकरू न्हाऊमाखू घालून मांडीवर घेऊन मिरवायचं," तो म्हणायचा. "याला तुम्ही कला म्हणता?"

"आणि मास्टर, तुमची सख्खी लेकरं? त्यांना बघायला कोणी येतं तरी का?"

"तू येतेस की."

तो 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आला, ते तिला कळलंच नव्हतं. तिने मासळीतले काटे काढायला घेतले. काढून झालेलेच होते, तरी काढले.

"मांडायचं म्हणजे आधी ऐकावं लागतं," ती खाली बघत म्हणाली. "आमच्या चॅपलमधल्या एफुआ आंटीच्या गाण्याखाली खर्ज कुठे ठेवायचा, ते कळायला मी तीन रविवार तिच्या पाठीमागे बसले. तुम्ही कुणाला इतकं ऐकलंय?"

"तुला ऐकायचंय," तो म्हणाला. "पण तू बोलतेस ती दुसऱ्यांच्या चालींतून. तुझं स्वतःचं कुठंय, अराबा?"

तेव्हा तिने आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. एकोणीस वर्षांची असताना एक गाणं रचलं होतं. तेव्हाच्या गायनमास्तरांनी कागद बघून विचारलं, कुठून आणलंस गं हे?

"मग? काय म्हणालीस?"

"मी म्हणाले… पारंपरिक आहे."

क्वामेना हसला नाही. म्हणूनच बहुधा ती त्या घटकेला त्याच्या प्रेमात पडली. तशी आधीच पडली होती, आता फक्त स्वतःशी कबूल केलं.

आणि मग त्याच्या बदलीचं पत्र आलं. तामाले. देशाच्या पार वरच्या टोकाला. सोमवारी निघायचं.

"बढती आहे ना? बरं झालं," ती म्हणाली.

"एवढंच?"

"आणखी काय…"

त्याने कागदांचं भेंडोळं काखेत मारलं. मग म्हणाला, "रविवारी तुमच्या चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणार आहे. शेवटचं." आणि पायऱ्या उतरून गेला.

ते चार दिवस अराबाने कसे काढले, तिचं तिला माहीत. कणीक तिंबताना, कपडे वाळत घालताना, सतत तो खाली उतरणारा सूर. त्याच्या चालीवर आपल्या मनातले शब्द घालून गावं का? पण तेही पुन्हा दुसऱ्याचंच झालं असतं.

रविवारी प्रवचन रंगात आलं होतं. आमच्याकडे प्रवचन मधेच थांबतं. बाकांवरची एखादी बाई उठते, मनात आलेलं गाणं उचलते, बाकीच्या साथ देतात, आणि धर्मगुरू मुकाट वाट बघतात. हा मान मोठ्या बायकांचा. झगा घातलेल्या गायकवृंदातल्या पोरींनी कागद बघून गावं.

धर्मगुरू वाटसरूंविषयी बोलत होते. एफुआ आंटी गुडघ्यावर हात टेकून उठायच्या बेतात होती. तेवढ्यात अराबाच उभी राहिली. हातात कागद नव्हता.

'ज्याला तू दूर धाडतोस,
त्याची वाट माझ्या दारावरून वळव.'

एक ओळ झाली, दुसरी झाली, आणि कोणीच उचललं नाही. कसं उचलणार? जुनं गाणं असतं तर एव्हाना चॅपल दणाणलं असतं. हे कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. अराबाला वाटलं, इथेच जमीन दुभंगावी. तरी ती थांबली नाही. तेच पुन्हा म्हणाली, या वेळी ऑर्गनकडे बघून.

मग ऑर्गनमधून एक खर्ज लागला. अगदी हलका. जो लावायला तिला तीन रविवार लागले असते, तो क्वामेनाने दुसऱ्याच फेरीत तिच्या आवाजाखाली आणून बसवला होता. त्यावर एफुआ आंटीचा फाटका आवाज चढला, आणि मग अख्ख्या चॅपलचा.

बाहेर पडताना आंटीने तिचा दंड धरला. "कुठलं गं हे गाणं, पोरी?"

"माझं," अराबा म्हणाली. "माझं आहे, आंटी."

पायरीवर क्वामेना उभा होता. हातातला कागद त्याने पुढे केला. शाई अजून ओली होती. दोन ओळी, चार आवाज. उजव्या कोपऱ्यात 'अराबा'. डाव्या कोपऱ्यात, त्याने आयुष्यात कधी लिहिला नव्हता तो शब्द… 'मांडणी: क्वामेना'.

"लेकरू तुझंच आहे," तो म्हणाला. "मी मांडीवर घेतलं तर चालेल?"

तिला हसूही आलं आणि रडूही. "नीट धरा म्हणजे झालं."

"पण हे एकच पान आहे, अराबा."

"दुसरं लिहिते. तामालेला पाठवते."

"पाठवू नकोस," तो म्हणाला. "नाताळाला मी घरी येतो, तेव्हा हातात दे. त्या झेरॉक्सवाल्याचा मला भरवसा नाही."

सोमवारी बस गेली. अराबाने घरी येऊन कोरा कागद घेतला आणि सगळ्यात आधी उजव्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं.