न उठलेला हात

पार्किंगमध्ये एक अनोळखी माणूस माझ्या गाडीसमोर उकिडवा बसला होता. पाऊस भुरभुरत होता, कोटाची टोकं भिजत होती, आणि हा आपला तिच्या दिव्यांकडे टक लावून बघतोय.

"काही हरवलंय का?" मी विचारलं.

"नाही... ही बिचारी कुणाची?"

"बिचारी? माझी आहे. आणि ही बनवणाऱ्या याच कंपनीत मी डिझायनर आहे."

तो गडबडून उठला. "मग माफी कुणाची मागू — तुमची, की तिची?"

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. अर्ध्या तासानं कळलं, की हाच आमचा नवा डिझाइनप्रमुख.

आमची गाडी घराघरांत होती, पण कुणाच्या मनात नव्हती. माझे बाबासुद्धा म्हणायचे, "चालते ना? मग झालं." ती बदलायची म्हणून कंपनीनं याला एका महागड्या गाड्यांच्या कंपनीतून मोठ्या मिनतवारीनं आणलं होतं. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघे नावाजलेले डिझायनर आले. आम्ही जुनी माणसं नाकं मुरडून बसलो. पण त्यानं इंजिनीअरांची टेबलं उचलून आमच्या शेजारी मांडली, चकचकीत पट्ट्या काढून टाकल्या, पत्र्यावरच्या उगाचच्या घड्या पुसल्या. स्टुडिओत त्याचं नाव पडलं — इस्त्री. नवी गाडी रस्त्यावर आली आणि सिग्नलला लोक वळून बघायला लागले. बाबांनी तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवली.

आणि मी? मी त्याच्याकडे बघायला लागले होते. पत्र्यात घडवण्याआधी आम्ही गाडी खऱ्या मापात मातीची करतो आणि तिच्यावरून हात फिरवतो. खाच डोळ्यांआधी तळव्याला कळते. एकदा बोटाला बोट लागलं. दोघांनीही काढलं नाही... मग दोघांनीही एकदम काढलं.

"इथं थोडं खोल वाटतंय," तो म्हणाला.

"हो ना," मी म्हणाले. तिथं काहीच खोल नव्हतं.

मग नव्या छोट्या गाडीच्या मॉडेलची निवड आली. वशिला नको म्हणून त्यानंच नियम केला होता: मॉडेलांवर नावं नाहीत, नुसते आकडे. त्याच्यासकट सगळ्या परीक्षकांनी हात वर करून मत द्यायचं. माझं, अगदी माझं एकटीचं असं पहिलंच मॉडेल त्यात होतं. त्यासाठी मी किती जीव टाकला होता, ते मलाच ठाऊक. शेवटी माझं आणि आणखी एक अशी दोन उरली आणि दुसऱ्याला एक हात जास्त मिळाला. बरोबरी झाली असती, तर प्रमुख म्हणून त्याचाच शब्द शेवटचा होता. तो भिंतीला टेकून उभा होता. दोन्ही वेळा हात खिशात.

हरलेल्या मॉडेलची माती ज्याची त्यानं खरवडायची, अशी आमच्याकडे रीत. संध्याकाळी मी पट्टीनं खरवडत होते, तेव्हा तो आला आणि दुसरी पट्टी घेऊन समोर उभा राहिला.

"हात का नाही उचललात?" मी विचारलं. "आवडलं नव्हतं, तर दुसऱ्याला तरी द्यायचं मत."

"ते तुमचं आहे, हे मला दारातूनच कळलं."

"नाव नव्हतं त्याच्यावर."

"नाव कशाला हवं... तुमचा हात ओळखतो मी." त्याची पट्टी थांबली. "मी गाडी बघतच नव्हतो. माझं प्रेम आहे तुमच्यावर. अशा माणसानं मत कसं द्यायचं?"

हेच ऐकायला मी किती दिवस कान लावून बसले होते! आणि तरी संतापानं माझा आवाज चिरकला. "म्हणजे ती खरंच कमी पडली, की नुसती तुमच्या न उठलेल्या हातामुळे हरली, हे मला कधीच कळणार नाही?"

"नाही कळणार," तो हळू म्हणाला. "म्हणून मी नोकरी सोडतोय. उद्या वर सांगतो. पुढच्या वेळी तरी तुमचं एक मत बुडायला नको."

"प्रेम माझंही आहे," मी म्हणाले. "पण हे असले त्याग मला परवडत नाहीत. निवडीच्या दिवशी तुमच्या जागी बाहेरून कुणी जाणकार बोलवा, आणि तुम्ही दाराबाहेर थांबा. जमेल?"

"जमेल... पण—"

"पणबिण काही नाही. माझी गाडी गेलीच. आता तुम्ही जाऊ नका."

त्यानं मान डोलावली. मग आम्ही दोघं मिळून उरलेली माती काढत राहिलो. ती सगळी निघेपर्यंत मी रडत होते, आणि त्यानं मला रडू दिलं.