जास्तीचे सहा ठोके

ईशानीने ढोलावर मोजून सोळा ठोके वाजवले होते. संगणक मात्र बावीस दाखवत होता. वरचे सहा कुणी वाजवले?

खोलीत दुसरं वाजवणारं एकच होतं, ताशेराव. विजूआत्याने आपल्या प्रयोगशाळेत घडवलेला, ताशा वाजवणारा यंत्रमानव. "याचा एक ठोका इकडचा तिकडे होत नाही," हे आत्याचं वाक्य ऐकून ऐकून ईशानीला त्याच्या चकचकीत टकलाचाही राग येई. पथकात तीन वर्षं ढोल वाजवून घट्टे पडले हिच्या हातांना, आणि कौतुक कुणाचं, तर याचं. त्यातून आज आत्याने स्पष्टच सांगितलं होतं : संध्याकाळपर्यंत ठोके जुळले नाहीत, तर पथकाच्या ध्वनिमुद्रणात ढोलही ताशेरावच वाजवील.

आत्याने तिला ढोलाच्या पानावर (ज्यावर ठोका पडतो तो ताणलेला पडदा) चिकटवलेली बटणाएवढी चकती दाखवली. माइक सगळंच ऐकतो. ढोल, ताशा, शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा. हा ट्रिगर (कंप टिपणारी चकती) हवेतल्या आवाजाच्या भानगडीत पडत नाही, आपल्या पानाची थरथर तेवढी ओळखतो. चकती थरथरली की तिच्यात इवलीशी वीज तयार होते. ठोका जोराचा, तर वीज जास्त. त्यावरून संगणकाला कळतं, ठोका केव्हा पडला आणि केवढा. मग तो तिथे ढोलाचा आधीच टिपून ठेवलेला स्वच्छ आवाज बसवतो.

"आणि दुबळी थरथर आत येऊ नये म्हणून एक उंबरठा असतो," आत्या म्हणाली. "पण चकतीची वीज वाढवणारी ही खुंटी पिळली की सगळेच कंप उंच होतात. बुटकेही मग उंबरठा ओलांडतात. खुंटी शेवटपर्यंत कुणी पिळली गं?"

ईशानी म्हणाली, "मी. संगणकावर ताशेरावाच्या रेघा माझ्यापेक्षा उंच दिसत होत्या."

आत्या रागावली नाही. ताशा आणि ढोल एकाच फळीवर आहेत, ताशाची थरथर फळीतून ढोलात शिरते, एवढंच तिने दाखवलं. मग म्हणाली, "तुझी चकती आपला ढोल सोडून शेजाऱ्याकडे कान लावून बसली होती. तिचा काय दोष?"

ईशानीचे कान तापले.

खुंटी मागे फिरवली, तर आता तेराच ठोके. तिचे हलके तीन ठोके उंबरठ्याबाहेरच राहिले. ती ढोलाकडे बघत राहिली. फळीवर तो तिनेच ठेवला होता, ताशेरावाचा ताशा तिथे ऐटीत होता म्हणून. पथकात ढोल कधी फळीवर असतो का?

तिने दोरी आवळून ढोल कमरेला बांधला. फळीची थरथर आता ढोलापर्यंत पोचतच नव्हती. खुंटी मध्यावर आणून ती वाजवू लागली, ताशेरावही वाजवू लागला. संगणकाने मोजले : सोळा.

ध्वनिमुद्रण झाल्यावर तिला एकदम सुचलं. चकतीला हवा लागतच नाही, तर मग चंद्रावर? आत्याचे डोळे चमकले. आवाज तिथे पसरणार नाही, पण पान थरथरेल, चकती टिपेल, आणि रेडिओवरून प्रत्येकाच्या शिरस्त्राणात ढोल घुमेल. "ताशेराव तर अंतराळपोशाखाशिवायच उभा राहील तिथे," आत्या बोलून गेली.

ईशानीच्या नाकपुड्या फुगल्या. ती म्हणाली, "ताशाला ने त्याला. ताशा बरा वाजवतो तो. पण ढोल मी."