त्याच नंबराचं विमान

गॅरेज हे गाडी ठेवण्यासाठी असतं, हे डॉक्टरीणबाईंना कधीच मान्य नव्हतं. त्यांची गाडी बिचारी उन्हातान्हात रस्त्यावर उभी, आणि गॅरेजात, पंख काढून भिंतीला टेकवलेले असं, एक लढाऊ विमान! जुन्या युद्धातल्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती, खोक्यांतून सुट्या भागांत आलेली. पण खेळणं नव्हे हं; इंजिन बसवून खरंच उडवायचं, एका माणसाचं. बाईंचा सगळा जन्म लोकांचे दात कोरण्यात गेला होता. पत्र्याला भोक पाडतानाही त्या "जरा आ करा" म्हणायच्या आणि स्वतःशीच हसायच्या.

विमान चालवायचा परवाना त्यांनी रीतसर काढला होता. तरी जो तो हेच सांगायचा, बांधलंत ना, झालं की, आता उडवू द्या कोणा तरण्याला. लेक तर हात धुऊन मागे लागली होती.

"आई, संग्रहालयवाले न्यायला तयार आहेत. छान ठेवतील."

"ठेवायला ते काय शोकेसमधलं बाहुलं आहे? बांधलं मी, उडवणार मी. विषय संपला."

शेपटीवर नंबर रंगवायची वेळ आली तेव्हा हवाई पट्टीवरचे फिटरकाका मुद्दाम घरी आले. बाईंनी निवडलेला नंबर ज्या खऱ्या विमानाचा होता, ते एका सकाळी टेकड्यांपलीकडे गेलं आणि परत आलंच नव्हतं. ना विमान सापडलं, ना ते चालवणारा पोरगा.

"एक आकडा बदला," काका म्हणाले. "परत न आलेल्याचा नंबर आमच्यात कोणी जसाच्या तसा घालत नाही. रीत आहे."

"खड्ड्यात गेली रीत! विमान त्या पोराचं बांधलंय, मग नंबर भलताच कशाला?"

काकांनी चहा अर्धाच ठेवला आणि ते उठले.

रंग वाळला आणि पेडलं सरकायला लागली. शेपटी वळवायची ही दोन, एकमेकांना जोडलेली पेडलं ज्याच्या त्याच्या पायाच्या लांबीप्रमाणे मागेपुढे करून खिळीनं अडकवतात. बाई बुटक्या, त्यांनी ती पार जवळ ओढून घेतली होती. सकाळी बघतात तर पेडलं थेट शेवटच्या भोकात, उंच माणसाला लागतात तशी. आपणच विसरलो असू, म्हणून त्यांनी ती मागे ओढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. किल्ली एकच, आणि ती बाईंच्या गळ्यात.

मग त्यांनी खिळ्या काढून बोल्ट घातले, नट करकचून आवळले आणि जेवायला गेल्या. परत आल्या तेव्हा बोल्ट सीटवर मांडून ठेवलेले होते, नट त्यांच्यावर नीट फिरवलेले. पेडलं पुढे. त्यांच्यावरचा कोरा हिरवा रंग टाचेच्या जागी झिजून आतला धातू चकाकत होता. वर्षानुवर्षं कोणीतरी बूट घासले असावेत, असा. बाईंनी सीटला हात लावून पाहिला. सीट गरम होती.

बाईंना भीती वाटली, चांगलीच वाटली. बोल्ट बघून लेक तर पांढरीफटक पडली.

"आई, हे देऊन टाक. आजच."

"आता तर मुळीच नाही."

लेक गेल्यावर बाईंनी तोंडावर पाणी मारलं आणि तणतणत गॅरेजात शिरल्या.

"ऐक रे," त्या रिकाम्या कॉकपिटला म्हणाल्या. "तुला घरी यायचं असेल तर ये. मी नेईन, मीच आणीन. पण माझे पाय पोचले पाहिजेत. हा हट्ट चालायचा नाही!"

त्यांनी पेडलं पुन्हा जवळ आणून आवळली. या वेळी ती जागची हलली नाहीत.

विमान हवाई पट्टीवर नेऊन पंख चढवले. उड्डाणाच्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. चाकं जमिनीवरून कधी सुटली ते कळलंही नाही, आणि बाई चक्क ओरडल्या, "अगं आई गं!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

टेकड्या जवळ आल्या. वळायला हवं होतं. बाईंनी डावं पेडल दाबलं.

ते दबलं नाही. उजवं पेडल कोणीतरी दाबून धरलं होतं.

विमान सरळ टेकड्यांपलीकडे निघालं.

"नाही," बाई म्हणाल्या.

पेडल ढिम्म.

"मेल्या, तुझ्या आईच्या वयाची आहे मी! घरी चल म्हणते ना!"

दोन्ही पाय डाव्या पेडलावर रोवून त्यांनी अंगातला सगळा जोर लावला.

पलीकडचा जोर सुटला.

विमान वळलं.

पट्टीवर उतरल्यावर लेकीनं रडत रडत मिठी मारली. फिटरकाका शेपटीवरच्या नंबरावरून हात फिरवत राहिले.

"आलं परत," बाई त्यांना म्हणाल्या. "सांगा तुमच्या रीतवाल्यांना."

घरी जायला लेकीनं स्वतःची गाडी काढली. बाई शेजारी बसल्या. दोघींनी पट्टे लावले, तरी गाडी टुंगटुंग करायची थांबेना. समोर मागच्या सीटचा लाल दिवा लागला होता. मागे बसलेल्यानं पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं होतं.

लेकीनं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"बिघडलं वाटतं काहीतरी," ती कसंबसं म्हणाली.

बाईंनी मान वळवली नाही. समोर रस्त्याकडे बघतच त्या दटावून म्हणाल्या, "पट्टा लाव."

मागे खट् झालं, आणि टुंगटुंग थांबली.