वाळूने पाहिलेलं शेवटचं ऊन

वाळूला तिचं वय कसं विचारायचं?

तापीकाठच्या टेकाडावर भरलेल्या उन्हाळी उत्खनन शिबिरात या प्रश्नाने सगळ्या मुलांना पछाडलं होतं. खड्ड्याच्या भिंतीत वर एक जुनी वस्ती दिसत होती, खाली तिच्याहूनही जुनी, आणि दोन्हींच्या मधे हातभर वाळू. म्हणजे कधीतरी मोठा पूर आला होता. पण कधी? त्या वाळूत ना नाणं सापडलं, ना कोळसा.

शिबिराच्या प्रमुख डॉ. निलोफर तांबोळी यांनी ‘मुंगूस’ नावाच्या यंत्रमानवाकडून त्या थरात पोलादी नळी ठोकून घेतली. वाळूने भरलेली नळी काळी टोपणं लावून बंद केली. ती तपासणीच्या अंधाऱ्या तंबूत पोचवायचं काम आठवीतल्या वनिता पाडवीकडे आलं. नळीत उजेड जाऊ द्यायचा नाही, एवढं बजावून मॅडम पुढे तंबूत गेल्या.

वनिता चार पावलं गेली असेल, तोच मागे खड्ड्याची भिंत ढासळली. सुदैवाने कोणाला लागलं नाही. पण आवाजाने दचकून तिच्या हातातली नळी पडली, एक टोपण उडालं आणि टळटळीत ऊन थेट वाळूवर पडलं. भिंतच गेल्यामुळे आता दुसरा नमुनाही मिळणार नव्हता.

तिने टोपण घाईघाईने बसवलं. कोणी पाहिलं नव्हतं. गप्प राहावं, असं क्षणभर मनात आलंही. पण वय चुकीचं निघालं तर सगळ्यांची मेहनत मातीमोल होणार होती. वनिताने तंबूत शिरताच मॅडमना सगळं सांगून टाकलं.

मॅडम रागावल्या नाहीत. कोणतं टोक उघडलं ते विचारून त्यांनी त्यावर खूण केली आणि मंद लाल दिव्याखाली तिला शेजारी बसवून घेतलं.

“वाळूचा कण म्हणजे एक मडकं समज,” त्या म्हणाल्या. “किरणोत्सर्गामुळे (माती-दगडातून सतत निघणाऱ्या अदृश्य किरणांमुळे) त्यात ऊर्जा थेंबथेंब साठते. ऊन लागलं की मडकं रिकामं होतं. ही वाळू वाहत आली, काठावर पसरली, तेव्हा उन्हाने रिकामी झाली. मग गाडली गेली आणि अंधारात पुन्हा भरू लागली.”

वनिता विचारात पडली. मडकं किती भरलंय आणि थेंब किती वेगाने पडतात हे कळलं, तर ते किती काळ भरत होतं हेही काढता येईल, असं ती हळूच म्हणाली. मॅडमनी मान डोलावली. कणांवर ठरावीक प्रकाश टाकला की साठलेली ऊर्जा अंधुक चमक होऊन बाहेर येते. ती मोजण्याच्या या रीतीला प्रदीप्ति-कालमापन (चमकेवरून काळ मोजणं) म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मंद लाल उजेडाने मात्र हे मडकं सांडत नाही.

“पण मी तर ते उन्हात सांडलं,” वनिता पुटपुटली.

“फक्त तोंडाजवळचं. वाळूत ऊन बोटभरही आत शिरत नाही.”

मुंगसाने नळीच्या दोन्ही टोकांची वाळू काढून बाजूला ठेवली. नळी ठोकतानाही टोकांना थोडा उजेड लागतोच, म्हणून ती नेहमीच वेगळी काढतात. मॅडमनी आधी खुणेच्या टोकाचे कण यंत्रात ठेवले. पडद्यावरची रेघ जेमतेम हलली. मग नळीच्या मधले कण ठेवले. रेघ सरसर वर चढली. मधली मडकी भरलेलीच होती.

बाजूला काढलेल्या वाळूतून किती किरण निघतात ते मोजून मॅडमनी थेंबांचा वेग काढला. आकडेमोड झाल्यावर उत्तर आलं. त्या वाळूने शेवटचं ऊन पाहिलं, त्याला सुमारे दोन हजार वर्षं झाली होती.

पुढच्या अवकाश मोहिमेत असंच यंत्र मंगळावर जाणार असल्याचं मॅडमनी सांगितलं. तिथल्या वाळूच्या टेकड्या वाऱ्याने कधी रचल्या, हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं.

“तिथली हवा विरळ आहे ना?” वनिताने विचारलं. “मग अवकाशातले किरण जास्त पोचतील. थेंबही भरभर पडत असतील.”

मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. “पडत असतील. पण किती भरभर, ते कोणालातरी मोजावं लागेल.”

बाहेरून जेवायची हाक आली. आपल्याला कडकडून भूक लागली आहे, हे वनिताच्या आत्ता ध्यानात आलं.